अक्षरांच्या पडद्यावरचा कारभार

रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहून आपल्यापैकी अनेकांनी तिकिटे काढली असतील. पूर्वी त्या खिडकीच्या आत कारकुनासमोर जो पडदा असे, त्यावर चित्रे नसत की चकचकीत खुणा नसत. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे आणि आकडे दिसत. कारकुनाची बोटे कळफलकावरून भराभर फिरत आणि मागची रांग पुढे सरके. अशा अक्षरांच्या पडद्याला टर्मिनल म्हणतात. ते आता मोडीत निघाले असे पुष्कळांना वाटते. पण तसे नाही. मोठमोठ्या संगणकांची देखभाल करणारी मंडळी आजही दिवसभर टर्मिनलवरच काम करतात. लिनक्स बसवलेल्या कोणत्याही संगणकावर, मग तो कितीही जुना असो, टर्मिनल हटकून मिळते.

आपण म्हणाल, आम्हा खेड्यातल्या माणसांना याचे काय? सांगतो. समजा, एका शाळेत एक जुना संगणक आहे. नवे अवजड प्रोग्राम त्याला पेलत नाहीत. गावात इंटरनेट आहे, पण ते येऊनजाऊन असते. मुख्याध्यापकांना परीक्षेचे गुण नोंदवावयाचे आहेत, आणि एका शिक्षकाने पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा थोडीफार शिकून घेतली आहे. या शिक्षकाला गुणनोंदणीचा प्रोग्राम स्वतः करता येईल काय? येईल. मात्र त्यासाठी पडद्यावरचा कारभार कसा चालतो हे समजून घेतले पाहिजे. नाहीतर प्रोग्राम दिसावयास नीटनेटका आणि आत मात्र एखाद्या मुलाच्या गुणपत्रकात भलतीच नोंद, असा प्रकार व्हावयाचा.

आधी पडद्याकडे पाहू. सोंगट्यांच्या पटावर जशी घरे आखलेली असतात, तशीच टर्मिनलच्या पडद्यावरही असतात, फक्त ती डोळ्यांना दिसत नाहीत. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९७८ साली व्हीटी-१०० नावाचे टर्मिनल काढले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी होत्या आणि एका ओळीत साधारणतः ८० घरे, म्हणजे एकंदर १,९२० घरे. एका घरात एक अक्षर. आज आपण संगणकावर टर्मिनलची जी खिडकी उघडतो, ती पुष्कळदा याच २४ बाय ८० च्या मापाने उघडते, आणि तिला कळणारी आज्ञांची भाषाही बरीचशी व्हीटी-१०० चीच आहे.

ही आज्ञांची भाषा मोठी मजेची आहे. समजा, दहाव्या ओळीतील पाचव्या घरात काही लिहावयाचे आहे. तेव्हा प्रोग्राम टर्मिनलकडे आधी एस्केप ही खूण पाठवितो, मग चौकटी कंसाची डावी बाजू, मग १०, अर्धविराम, ५ आणि शेवटी एच हे रोमन अक्षर. एस्केप आली की टर्मिनल समजते, आता येते आहे ते छापावयाचे नाही, पाळावयाचे आहे. ते निमूटपणे कर्सर त्या घरात नेऊन ठेवते. रंग बदलणे, ओळ पुसणे, सारे याच रीतीने चालते.

आता थोडे गणित करू. त्या काळी टर्मिनल आणि मुख्य संगणक यांच्यामधील तारेचा वेग फार कमी असे. सेकंदाला ३०० बिट वेगाच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे जात. म्हणजे १,९२० घरांचा सारा पडदा भरावयास ६४ सेकंद लागणार! एक आकडा बदलला की मिनिटभर थांबावयाचे, असे चालेल कसे? यावर अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी १९८० च्या सुमारास एक उपाय केला. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामसंचाचे नाव कर्सेस. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ शाप; पण कर्सर या शब्दावर केलेली ती कोटी आहे. नाव शापाचे असले तरी काम वरदानाचे झाले. कर्सेस आपल्याजवळ पडद्याच्या दोन प्रती ठेवते. एक सध्या दिसतो आहे तो पडदा, दुसरा आपल्याला हवा आहे तो. दोन्ही ताडून पाहावयाचे आणि जेवढा फरक असेल तेवढाच तारेवरून पाठवावयाचा. एक आकडा बदलला तर एका आकड्याचाच खर्च.

हा काटकसरीचा धडा आज जुना झालेला नाही. १,३६६ बाय ७६८ मापाच्या आजच्या एका साध्या पडद्यावर १० लाखांहून अधिक ठिपके असतात. चित्रांचा पडदा दुसऱ्या गावच्या संगणकावरून आणावयाचा तर या ठिपक्यांची ने-आण करावी लागते. अक्षरांचा पडदा आणावयास थोडी अक्षरे पुरतात. जेथे इंटरनेट अशक्त, तेथे हा फरक चटकन लक्षात येतो.

कर्सेसमुळे पडद्यावर हवे तेथे लिहिता येऊ लागले. पण लिहिण्याची चौकट, बटन, खालीवर सरकणारी यादी, हे भाग प्रत्येकाने स्वतः रचावयाचे म्हटले तर ते कष्टाचे काम. साधी नाव लिहिण्याची चौकट घ्या. डावा बाण दाबला की कर्सर डावीकडे गेला पाहिजे. मधले अक्षर खोडले की पुढची अक्षरे मागे सरकली पाहिजेत. नाव लांबले तर चौकटीबाहेर सांडता कामा नये. सुतार दार बसवतो तेव्हा बिजागऱ्या काही स्वतः ओतीत बसत नाही, बाजारातून आणतो. तशा या तयार बिजागऱ्यांना विजेट म्हणतात आणि त्यांच्या संचाला विजेटांची लायब्ररी. वाचनालयाशी या लायब्ररीचे नाते इतकेच की दोन्हीकडे दुसऱ्याच्या श्रमाचा आपल्याला उपयोग होतो.

असे संच अनेक आहेत. आपण उदाहरणादाखल पायथन भाषेतील अर्विड हा घेऊ. इयन वॉर्ड यांनी तो सुरू केला. २००४ सालापासून तो चालत आला आहे आणि कोणालाही फुकट वापरता येतो. त्यात नुसता मजकूर दाखवणारे टेक्स्ट, लिहून घेणारे एडिट, फक्त आकडे घेणारे इंट-एडिट, बटन, आणि होय-नाही विचारणारे चेकबॉक्स अशी लहान विजेटे आहेत. शिवाय लहान विजेटांना पोटात घेणारी मोठी विजेटे आहेत: एकाखाली एक रचणारे पाइल, शेजारी शेजारी मांडणारे कॉलम्स, सरकती यादी करणारे लिस्टबॉक्स आणि वर मथळा, खाली तळओळ व मध्ये मुख्य मजकूर अशी बैठक देणारे फ्रेम. आपल्या शिक्षकाच्या पडद्याची बाहेरची चौकट म्हणजे फ्रेम. तिच्या मध्यभागी लिस्टबॉक्स. त्यातील प्रत्येक ओळ एका विद्यार्थ्याची, म्हणजे एक कॉलम्स. आणि त्या ओळीत गुणांसाठी एक एडिट. डब्यात डबा बसावा तशी ही रचना असते.

यात जागेची वाटणी कशी होते? छापखान्यात स्तंभाची रुंदी ठरलेली असते. मजकूर किती खाली उतरेल हे मजकुरावर अवलंबून. अर्विडमधील पुष्कळ विजेटे अशीच वागतात. बाहेरचे विजेट आतल्याला सांगते, तुला इतकी घरे रुंदी मिळेल. आतले उत्तर देते, मग मला इतक्या ओळी लागतील. काही विजेटांना रुंदी व उंची दोन्ही बाहेरून ठरवून मिळतात, लिस्टबॉक्स त्यातलेच. काही आपले माप स्वतःच ठरवितात. अमुक विजेट अमुक घरात ठेवा असे आपण सांगत नाही. त्यामुळे कोणी खिडकी लहानमोठी केली तरी सारी वाटणी नव्याने होते आणि आपल्याला त्यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही.

आता कळ दाबल्यावर काय होते ते पाहा. एरवी टर्मिनलवर आपण लिहितो ती ओळ एंटर दाबेपर्यंत अडवून धरलेली असते. लायब्ररी सुरुवातीलाच हा अडसर काढते. मग प्रत्येक कळ दाबल्याबरोबर प्रोग्रामच्या हाती येते. ती कोणाला द्यावयाची? सरकारी कचेरीत अर्ज वरून खाली उतरतो, तशी ती कळ फ्रेमकडून लिस्टबॉक्सकडे, तेथून ओळीकडे आणि ओळीतून ज्या एडिटमध्ये कर्सर आहे त्याच्याकडे उतरते. ७ ही कळ असेल तर एडिट ती ठेवून घेते आणि ७ लिहिते. खालचा बाण असेल तर एका ओळीच्या एडिटला त्याचा उपयोग नाही. ते कळ वरच्याकडे परत करते. कॉलम्सही परत करते. लिस्टबॉक्स मात्र म्हणते, हे माझे काम, आणि कर्सर पुढच्या विद्यार्थ्यावर नेते. जी कळ कोणीच घेत नाही, ती अखेर आपल्या हाती येते. तिचे काय करावयाचे हे आपण एका स्वतंत्र कामगिरीत लिहून ठेवू शकतो. टॅब कळ अशीच परत येते. ज्याला टॅब दाबून पुढे जाण्याची सवय आहे तो येथे अडखळेल. तेव्हा टॅब आणि एंटर दाबल्यावर पुढच्या विद्यार्थ्याकडे जावे, एवढे आपण स्वतः लिहावे.

या साऱ्याच्या मुळाशी एक फेरा आहे. त्याला मेनलूप म्हणतात. कळ येईपर्यंत स्वस्थ थांबावयाचे, आली की योग्य विजेटाला द्यावयाची, पडद्यात जो फरक पडला असेल तो दाखवावयाचा आणि पुन्हा थांबावयाचे. साधा प्रोग्राम विचारतो आणि माणूस उत्तर देतो. नाव सांगा, आता गुण सांगा, चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. येथे उलटे आहे. माणूस वाटेल त्या ओळीवर जाईल, मागे येईल, दुरुस्त करील. प्रोग्रामने त्याची वाट पाहावयाची. कारभार माणसाच्या हाती राहतो, हाच या रचनेचा खरा लाभ आहे.

पण वाट पाहणारा एकटाच आहे, हे विसरू नये. बटन दाबल्यावर करावयाचे काम आपण त्या बटनाला जोडून देतो. ते काम दोन मिनिटांचे असेल, उदाहरणार्थ दूरच्या संगणकावर यादी पाठविणे, तर तेवढा वेळ फेरा थांबतो आणि पडदा गोठल्यासारखा होतो. माणूस घाबरून चार वेळा एंटर दाबतो. त्या चारही कळा रांगेत साठतात आणि काम संपताच एकामागून एक लागू होतात. म्हणून जोडलेले काम छोटे ठेवावे. लांबणारे काम या फेऱ्याबाहेर, वेगळे करावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तयार विजेट आपले काम चोख करते; पण आपल्या शाळेतली रीत त्याला ठाऊक नसते. गुण म्हणजे आकडे, म्हणून शिक्षक सहज इंट-एडिट निवडील. एखादा मुलगा परीक्षेच्या दिवशी तापाने घरी होता. त्याची चौकट रिकामी राहिली. प्रोग्रामने इंट-एडिटला विचारले, तुझी किंमत किती? रिकामे इंट-एडिट उत्तर देते, शून्य. झाले! गैरहजर मुलगा आता नापास झाला. शून्य गुण मिळालेला मुलगा आणि पेपरला न बसलेला मुलगा यांत केवढे अंतर आहे हे शिक्षकांना सांगावयास नको. एकाला पुन्हा शिकवावयाचे असते, दुसऱ्याची पुन्हा परीक्षा घ्यावयाची असते. पडद्यावर मात्र कोठेही चूक दिसत नाही.

आणखी एक गंमत. इंट-एडिट ० ते ९ हे इंग्रजी आकडेच घेते. कळफलक मराठीवर ठेवून कोणी ७५ असे देवनागरीत लिहू गेला तर पडद्यावर काहीच उमटत नाही. त्याला वाटावयाचे, कळ बिघडली. खरे पाहता देवनागरी ७५ चे संख्येत रूपांतर करणे पायथन भाषेला मुळीच अवघड नाही. अडवणूक करते ती फक्त चौकट. तेव्हा गुणांसाठी साधे एडिट घ्यावे. लिहिलेला मजकूर आपण तपासावा. संख्या असेल तर ती पैकीच्या पैकी गुणांपेक्षा मोठी नाही ना ते पाहावे. चौकट रिकामी असेल तर शून्य धरू नये. गैरहजर अशी खूण केलेली आहे की नोंद राहून गेली आहे, ते तळओळीत विचारावे. गैरहजेरीसाठी प्रत्येक ओळीत एक चेकबॉक्स ठेवावा. इतके केले म्हणजे प्रोग्राम त्या शाळेचा झाला.

मराठी माणसाला भेडसावणारी दुसरी अडचण पडद्याच्या घरांचीच आहे. एका घरात एक अक्षर हा हिशेब रोमन लिपीला सोयीचा. आपली स्त्री हे अक्षर घ्या. आपण ते एक म्हणतो. पण युनिकोडमध्ये ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा तुकडे होतात. त्याला घरे किती द्यावयाची? लायब्ररी एक हिशेब करते, टर्मिनलची खिडकी कधी दुसराच करते. दोघांचे जमले नाही की त्या ओळीतील पुढचा सारा मजकूर सरकतो आणि गुणांचा रकाना वाकडातिकडा दिसतो. वाकड्या रकान्यात एकाचे गुण दुसऱ्यासमोर वाचले जाण्याचा धोका असतो, म्हणून ही नुसती दिसण्याची बाब नव्हे.

यावर साधा उपाय असा. ओळीत सर्वांत आधी हजेरी क्रमांक, मग गुण, मग गैरहजेरीची चौकट आणि सर्वांत शेवटी विद्यार्थ्याचे नाव लिहावे. नाव शेवटी असले म्हणजे त्याच्यामुळे सरकावयास पुढे काही उरतच नाही. उजवीकडे उभी रेघ आखू नये. गैरहजेरीच्या चौकटीपुढे मराठी शब्द न घालता तिचा खुलासा तळओळीत द्यावा. आणि ज्या संगणकावर काम व्हावयाचे आहे, त्याच संगणकावर जोडाक्षरांची पाचदहा नावे घालून आधी पाहून घ्यावे.

शेवटी, काम संपल्यावर पडदा होता तसा करून देणे हेही प्रोग्रामचे कर्तव्य आहे. लायब्ररी सुरुवातीला जो अडसर काढते तो तिने जाताना परत लावावयाचा असतो, आणि सरळ मार्गाने बाहेर पडल्यास ती तो लावतेही. पण कोणी बाहेरून प्रोग्राम एकदम बंद पाडला तर टर्मिनल तसेच उघडे राहते. आपण लिहितो ते दिसत नाही, ओळी भलत्याच ठिकाणी सुरू होतात. अशा वेळी संगणक बिघडला असे समजू नये. न दिसेना का, पण रिसेट हा शब्द रोमन अक्षरांत लिहून एंटर दाबावे. टर्मिनल बहुधा ताळ्यावर येते.

वीज जाण्याची काळजीही आधीच घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद झाली की लगेच यादी जतन करावी. जतन करताना जुन्या फाइलवरच लिहू नये. शेजारी नव्या नावाची फाइल पुरी लिहावी आणि मग तिला जुन्या फाइलचे नाव द्यावे. मध्येच वीज गेली तरी आदली यादी शाबूत राहते.

हे सारे ऐकून ज्यांना प्रयोग करून पाहावासा वाटेल, त्यांना माझी एक सूचना आहे. संगणकाजवळ बसण्यापूर्वी गणिताच्या वहीतील चौकटींचा कागद घ्या. त्यावर २४ ओळी आणि ८० घरे आखा, पान पुरले नाही तर दोन जोडा, आणि आपला पडदा पेन्सिलीने भरा. मग शेजारच्या शिक्षकाला तो कागद दाखवून विचारा, तुम्ही पहिली कळ कोणती दाबाल? चूक झाली तर मागे कसे याल? गैरहजर मुलाची नोंद कोठे कराल? त्यांना जेथे अडेल, तेथे पडदा बदला. चौकटी आणि बटने लायब्ररी देईल. पण गैरहजर म्हणजे शून्य नव्हे, हे प्रोग्रामला शिकवावयाचे काम ज्याने वर्ग सांभाळला आहे त्यालाच करावे लागेल.